वालधुनीचा सामू

उल्हासनगरात शिवलेली नवी जीन्स दुकानात येते तीच जुनी होऊन. मांडीवर फिकी, शिवणीपाशी गडद. पूर्वी हा फिकेपणा आणायला प्युमिस दगड कापडाबरोबर मशीनमध्ये टाकत. आता डेनिमच्या धंद्यात सेल्युलेज नावाचं एन्झाइमही वापरतात. ते सुती धाग्याचा वरचा थर कुरतडतं, त्याबरोबर नीळ सुटते. त्याच्या एका प्रकाराला पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 4.5 ते 5.5 लागतो. सामू घसरला की काम थंडावतं.

इथे नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल कामाचं नाही. ते तीव्र, पाण्यात पडताच त्याचे जवळजवळ सगळे रेणू फुटून हायड्रोजन आयन मोकळे होतात. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य. लिटरला 0.1 मोल घातलं, तर शंभरातला जेमतेम एखादा रेणू फुटतो, बाकीचे अखंड राहतात. म्हणून त्या द्रावणाचा सामू 2.9 आणि तेवढ्याच हायड्रोक्लोरिकचा 1. सोरेनसेन यांनी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलेल्या या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट.

त्याच अ‍ॅसेटिक आम्लात तेवढंच सोडियम अ‍ॅसिटेट घाला. सामू 4.76 वर थांबतो. वर लिटरला 0.01 मोल हायड्रोक्लोरिक ओतलं, तरी अ‍ॅसिटेट ते हायड्रोजन आयन धरून ठेवतं आणि सामू फक्त 4.67 पर्यंत उतरतो. साध्या पाण्यात तेवढंच आम्ल सामू 7 वरून थेट 2 वर आणतं. अल्कली आली, तर अखंड राहिलेलं आम्ल तिला तोंड देतं. या जोडीला बफर म्हणतात. अर्थात अ‍ॅसिटेट संपलं की बफरही संपला.

नदीचाही बफर असतो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सह्याद्रीच्या बेसाल्टवरून झिरपतं आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होतं. बदलापूरजवळची उल्हास काय, अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी काय, दोघींची आम्ल पचवायची ताकद यातूनच येते. ती ताकद मोजली जाते अल्कलिनिटीने, सामूने नव्हे, आणि सांडपाण्याबद्दल बोलताना नेमकं हेच विसरलं जातं. सामू 2.9 चीच दोन पिंपं घ्या, एक अ‍ॅसेटिकचं, एक हायड्रोक्लोरिकचं. पहिलं निवळायला सुमारे 75 पट अल्कली लागते, कारण फुटायचे राहिलेले रेणू सामूत दिसतच नाहीत.

नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात रात्री एका टँकरमधून वालधुनीत रसायन सोडलं गेलं. शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासामुळे रुग्णालयात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला.

नाल्यातून विषारी वायू कसा उठू शकतो, हेही सौम्य आम्लच सांगतं. काळ्या डेनिमच्या गंधकयुक्त रंगांना सोडियम सल्फाइड लागतं. त्यापासून होणारा हायड्रोजन सल्फाइड हे सौम्य आम्ल, आणि वायूही. सामू 9 असताना पाण्यातल्या सल्फाइडचा जेमतेम शंभरावा भाग या रूपात असतो, 7 ला निम्मा, 5 ला जवळजवळ सगळा. नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण नियमानुसार 5.5 ते 9 सामू चालतो. म्हणजे एका कारखान्याचं 9 चं सल्फाइडचं पाणी आणि शेजारच्याचं 5.5 चं आम्लाचं पाणी, दोन्ही सामूच्या या नियमात बसतात. नाल्यात एकत्र आली की वायू सुटतो. सामूखेरीज सल्फाइडला लिटरमागे 2 मिलिग्रॅमची वेगळी मर्यादा घातलेली आहे.