टपालाच्या राखीव प्रती किती दिवस ठेवाव्यात?

पत्र फाडून टाकले की ते संपले, ही आपली जुनी समजूत आहे. संगणकाच्या टपालाला ती लागू पडत नाही. कचेरीतल्या एखाद्याने आपल्या पेटीतला ई-मेल पुसला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, तरी त्याची प्रत कोठेतरी शिल्लक राहू शकते. ती कोठे आहे आणि किती दिवस राहणार आहे, हे त्या मनुष्याला तर नाहीच, पण पुष्कळदा त्याच्या संस्थेच्या चालकांनाही ठाऊक नसते. ही प्रत केव्हापर्यंत ठेवावी आणि केव्हा नष्ट करावी, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. आम्हांला तो तसा वाटत नाही. पतसंस्थेचे संचालक, शाळेचे चिटणीस आणि ज्याचे पत्र त्या पेटीत पडून आहे असा कोणीही नागरिक, या सर्वांचा तो प्रश्न आहे.

प्रथम रीत समजून घेऊ. टपालाचा सर्व्हर म्हणजे संस्थेचे पोस्ट ऑफिस. सर्वांच्या पेट्या तेथे असतात. रात्री कामकाज थांबले की या पेट्या जशा असतील तशा दुसऱ्या जागी उतरवून घेतात. पूर्वी ही नक्कल बहुधा चुंबकीय टेपवर होई. आता ती डिस्कवर किंवा भाड्याने घेतलेल्या दूरच्या साठ्यातही होते. हिलाच बॅकअप म्हणतात. दररोज नवी टेप घेणे परवडत नाही, म्हणून काही दिवसांनी जुनीच टेप पुसून तिच्यावर नवी रात्र लिहितात. मुदतीचा प्रश्न जन्मास येतो तो येथे. या धंद्यात रूढ असलेल्या एका पद्धतीला आजोबा-वडील-मुलगा असे घरगुती नाव आहे. रोजची प्रत हा मुलगा, आठवड्याची प्रत हे वडील, महिन्याची प्रत हे आजोबा. मुलगा सर्वांत आधी पुसला जातो आणि आजोबा सर्वांत अधिक टिकतात. घराण्यात असा क्रम कोणी मागणार नाही, पण टेपांच्या घराण्यात तोच शहाणपणाचा ठरला आहे.

या प्रतीची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. ती रात्री काढलेल्या छायाचित्रासारखी असते. सकाळी दहाला आलेले पत्र दुपारी चारला समूळ पुसले गेले, तर रात्रीच्या छायाचित्रात ते येतच नाही. उलट जे पत्र तीन महिने पेटीत पडून राहिले, त्याची रोज पूर्ण नक्कल होत असेल तर ते नव्वद वेळा उतरते. म्हणजे बॅकअप ही काही आवक-जावक नोंदवही नव्हे. तिच्यात काय सापडेल हे बरेचसे योगायोगावर असते. पुढे येणाऱ्या बहुतेक भांडणांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

अशा योगायोगाने किती मोठे प्रकरण उघडकीस येते याचा दाखला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत मिळाला. १९८६ च्या नोव्हेंबरात इराण-काँट्रा प्रकरण बाहेर फुटू लागले, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर आणि त्यांच्या हाताखालचे कर्नल ऑलिव्हर नॉर्थ यांनी आयबीएमच्या ‘प्रॉफ्स’ नावाच्या टपालव्यवस्थेतील आपली पत्रे पुसण्याचा सपाटा लावला. पॉइंडेक्स्टर यांची पाच हजारांहून अधिक आणि नॉर्थ यांची सातशेहून अधिक पत्रे गेली. गेली असे त्या दोघांस वाटले. परंतु दळणवळण खात्याने नेहमीच्या शिरस्त्याने उतरवलेल्या राखीव टेपा शिल्लक होत्या, आणि त्यांवरून तपास करणाऱ्या टॉवर आयोगाच्या हाती ती पत्रे आली. आयोगाचा अहवाल १९८७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला.

प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही. १९८९ च्या जानेवारीत रेगन यांची कारकीर्द संपत असता या टेपा पुसून टाकण्याचा बेत होता. कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ ही संस्था न्यायालयात गेली व त्यांनी तो बेत अडवला. सरकारचे म्हणणे असे की महत्त्वाचे ते कागदावर छापून ठेवले आहे. संगणकातील नक्कल ठेवण्याचे कारण नाही. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले. छापील कागदावर पत्र कोणास गेले, केव्हा गेले, केव्हा पोहोचले, हे सारे उतरतेच असे नाही. म्हणून संगणकातील पत्र हाच दप्तराचा भाग मानला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पण आमचे लक्ष वेधते ते निराळेच. राष्ट्राच्या इतिहासातील हा पुरावा जपावा असे कोणी ठरवले नव्हते. टेप पुन्हा वापरण्याची पाळी यायच्या आत चौकशी सुरू झाली, एवढेच.

दुसरे उदाहरण व्यापारी पेढीचे. मुदतींचे आकडे न्यायालयाच्या निकालात नोंदले गेले असल्याने ते फार उद्बोधक आहे. न्यूयॉर्कमधील यूबीएस वॉरबर्ग या पेढीवर तिच्या एक अधिकारी लॉरा झुबुलेक यांनी, आपणांस स्त्री म्हणून डावलले व तक्रार केल्यावर कामावरून काढले, अशी फिर्याद केली. पेढीने सुमारे १०० पाने ई-मेल हजर केले; फिर्यादी बाईंनी स्वतःजवळची सुमारे ४५० पाने पुढे ठेवली! उरलेले कोठे गेले, या प्रश्नाचा शोध राखीव टेपांपर्यंत पोहोचला. पेढीचा नियम होता तो असा : रोजच्या टेपा वीस कामाचे दिवस, आठवड्याच्या एक वर्ष आणि महिन्याच्या तीन वर्षे. हिशेब केला तर २० अधिक ५२ अधिक ३६, म्हणजे जपमाळेइतके १०८ मणी एका सर्व्हरमागे होतात. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३ मध्ये नमुन्यादाखल पाच टेपा उलगडावयास लावल्या. खर्च १९,००३ डॉलर आला आणि प्रकरणाशी संबंध असलेली सुमारे ६०० पत्रे निघाली. काही टेपा नाहीशा झाल्या होत्या आणि जपून ठेवा असे बजावल्यावरही काहींनी पत्रे पुसली होती. नाहीशा झालेल्या पुराव्याबद्दल पेढीच्या विरुद्ध अनुमान काढण्याची मुभा ज्यूरीला मिळाली. २००५ च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने पेढीस सुमारे २९० लाख डॉलर देण्यास फर्मावले.

आता त्या तीन वर्षांच्या मासिक टेपेकडे नीट पाहावे. ती कशासाठी ठेवली होती? सर्व्हर जळाला तर तीन वर्षांपूर्वीच्या पेट्या आणून कोणी काम सुरू करणार नाही; त्यासाठी कालची प्रत लागते. दप्तर म्हणून ठेवली म्हणावे, तर महिन्यातील एका रात्रीचे छायाचित्र ते, दप्तराची सलगता त्यात कोठून येणार? धड बॅकअप नाही, धड दप्तर नाही, अशी ही वस्तू. तरीही उलगडावयास खर्चाची आणि विरोधकाच्या हाती पडण्यास योग्य! पुष्कळ संस्थांत आजही नेमके हेच चालते. दप्तर ठेवण्याची जबाबदारी बॅकअपवर ढकलतात आणि मग मुदत वाढवत नेतात.

आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांना हा भेद नवा नाही. अभिलेख कक्षात कागदांचे वर्ग पाडलेले असतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘ड’ वर्षभराचा, मधल्या मुदतीचे ‘क’ मध्ये. कागद काय आहे हे पाहून त्याची मुदत ठरते. तो कोणत्या कपाटात आहे यावरून नव्हे. टपालालाही हाच न्याय लावला पाहिजे. जे पत्र हिशेबाचा, कराराचा किंवा निर्णयाचा भाग आहे ते वेळच्या वेळी वेगळ्या संग्रहात, शोधता येईल असे, घालावे आणि कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत राखावे. कंपन्यांच्या हिशेबवह्यांची व व्हाउचरांची मुदत २०१३ च्या कंपनी कायद्याने आठ वर्षे ठेवली आहे. त्यांत मोडणारा ई-मेल आठ वर्षे राहिला पाहिजे हे उघड आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘सर्ट-इन’ने काढलेल्या निर्देशांतील १८० दिवसांचा आकडा काही लोक टपालाला लावतात. तो यंत्रांच्या व्यवहाराच्या नोंदींना आहे, पत्रांना नाही.

हा संग्रह एकदा वेगळा झाला की बॅकअपची मुदत ठरवणे सोपे होते. नुकसान झाल्याचे आपल्या ध्यानात यावयास जास्तीत जास्त किती दिवस लागतील, एवढाच प्रश्न उरतो. चुकून पुसलेले पत्र बहुधा आठवड्यात आठवते. पण कारकून महिनाभर रजेवर असेल आणि त्याची पेटी दुसऱ्या कोणी बिघडवली असेल तर? खंडणीखोर सॉफ्टवेअर तर कधी कधी आत शिरून काही आठवडे गप्प बसते, आणि मग एके दिवशी सर्व पेट्यांस कुलूप घालते. सात दिवसांचीच प्रत असेल तर सातही प्रतींत चोर सापडतो. म्हणून तीस दिवसांच्या रोजच्या प्रती आणि त्यामागे तीन महिन्यांच्या आठवड्याच्या प्रती, एवढी व्यवस्था मध्यम आकाराच्या संस्थेला पुरेशी आहे असे आम्हांस वाटते. त्यांतील एक तरी प्रत तारेने जोडलेली नसावी. २०११ च्या फेब्रुवारीत गुगलच्या टपालसेवेतील सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. पत्रांच्या अनेक प्रती अनेक केंद्रांत होत्या, पण सॉफ्टवेअरमधील दोषाने त्या सर्वांस गाठले. शेवटी कामास आल्या त्या कपाटातल्या टेपा.

‘आमचे टपाल मोठ्या कंपनीकडे आहे, आम्हांला काय चिंता?’ असा प्रश्न हमखास येतो. त्या कंपनीची पुसलेल्या पत्राविषयीची मुदत आपण वाचली आहे काय? जीमेलच्या कचरापेटीत पत्र तीस दिवस राहते. संस्थांसाठीच्या सेवेत त्यानंतर आणखी पंचवीस दिवस व्यवस्थापकाला ते परत आणता येते. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ते परत मिळवण्याची मुदत, कोणी मुद्दाम वाढवली नसेल तर, चौदा दिवस असते. सहा महिन्यांनी हिशेबतपासनीस विचारू लागला, तर या मुदती केव्हाच उलटून गेलेल्या असतात.

मग सारेच कायम का ठेवू नये? साठा स्वस्त झाला आहे, हे खरे. पण पेटीत फक्त संस्थेची पत्रे नसतात. नोकराच्या आजाराचा दाखला, कर्जदाराची विनवणी, एखाद्या पालकाने मुलाविषयी विश्वासाने लिहिलेले चार शब्द, हे सारे त्यांत असते. ते लिहिणाऱ्याने दहा वर्षांच्या साठवणीस संमती दिलेली नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याची अट नसली, तर ती पुसावी. शिवाय जुन्या प्रतीचा एक वाईट गुण असा की ती मेलेले जिवंत करते. कोणाच्या मागणीवरून पुसलेली पत्रे, सर्व्हर परत उभा केला की पुन्हा पेटीत येऊन बसतात. म्हणून पुसलेल्यांची यादी वेगळी ठेवून प्रत उतरवल्यानंतर ती परत लागू करावी लागते, आणि हे काम बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. जुन्या टेपा तर वाचणेही अवघड. नवे टेपयंत्र फार तर दोन पिढ्यांमागची टेप वाचते; कपाटात दहा वर्षांची टेप आणि वाचणारे यंत्र भंगारात, असा प्रकार सहज होतो.

राहिला एक अपवाद, आणि तो मुदतीच्या नियमातच लिहून ठेवला पाहिजे. वाद उत्पन्न झाला, नोटीस आली, चौकशीची चाहूल लागली, की त्या विषयाशी संबंध असलेल्यांच्या पत्रांचे पुसणे त्याच दिवशी थांबवावयाचे, मग मुदत संपलेली असो वा नसो. झुबुलेक प्रकरणात न्यायालयाने येथेही तारतम्य राखले. निव्वळ आपत्तीसाठी ठेवलेल्या टेपांचे चक्र सर्वसाधारणपणे चालू राहिले तरी चालेल, पण वादातील मुख्य व्यक्तींची पत्रे कोणत्या टेपांत आहेत हे ठाऊक असेल तर त्या बाजूला काढल्या पाहिजेत, असे ठरले. थांबवण्याचा हा हुकूम कोणी द्यावयाचा, हे आधी ठरलेले असावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती टेपेचे कपाट असेल, तर नियम कितीही सुंदर लिहिला असला तरी काय होणार हे सांगावयास नको. संगणक सांभाळणाऱ्या तरुणाला वरिष्ठाचा फोन येतो आणि ‘ती जुनी टेप आजच वापरून टाका’ असे सांगण्यात येते. त्या वेळी त्याच्याजवळ संचालक मंडळाच्या सहीचा कागद असला, तरच तो नाही म्हणू शकतो.

तेव्हा कागदावर पुढील गोष्टी असाव्यात : कोणत्या प्रती किती दिवस, नष्ट केल्याची नोंद कोण करतो, थांबवण्याचा अधिकार कोणास, आणि तीन महिन्यांतून एकदा एखादी पेटी प्रतीवरून खरोखर परत आणून पाहिल्याची तारीख. ही शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी कोरी असते.