हिपॅटायटिस बी आणि विद्यापीठातील तरुण पिढी

हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरातील २५ कोटींहून अधिक लोकांच्या शरीरात त्याचा दीर्घकालीन संसर्ग होता; भारतात ही संख्या तीन कोटींच्या घरात होती. तरीही कावीळ म्हटली की दूषित पाणी आणि उघड्यावरचे खाणे एवढेच अनेक सुशिक्षित तरुणांच्या मनात येते. ते कारण हिपॅटायटिस ए आणि ई यांना लागू पडते. बी मात्र रक्त, वीर्य यांसारख्या शरीरद्रवांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने तो होत नाही. या गैरसमजामुळे बाधित सहकाऱ्याला वसतिगृहाच्या खानावळीत वेगळे बसवले जाते आणि त्याच वसतिगृहात दाढीचे एकच रेझर निर्धास्तपणे चौघांत फिरते, ही विसंगती अधिक घातक आहे, कारण शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. जत्रेत अनेकांसाठी वापरल्या जाणाऱ्या गोंदणाच्या सुईचा धोकाही तोच.

प्रौढपणी संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते. मात्र जन्मतः किंवा तान्हेपणी बाधा झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुलांत तो कायमचा ठाण मांडतो. अशा मुलाला विशी उलटेपर्यंत काहीही जाणवत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, भूकही मंदावत नाही, आणि महाविद्यालयातील रक्तदान शिबिरात दिलेल्या रक्तात विषाणूच्या आवरणावरील प्रथिन, म्हणजे ‘एचबीएसएजी’, आढळले की प्रथमच निदान होते. दरम्यान यकृतात व्रणासारख्या तंतूंचे जाळे वाढून ते आक्रसू लागलेले असू शकते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात आणि पुढे कर्करोगही संभवतो. टेनोफोविरसारखी औषधे विषाणूला दाबून ठेवतात, तथापि त्याचे समूळ उच्चाटन क्वचितच होते. कावीळ उतरवून घेण्यात गेलेला वेळ म्हणूनच महागात पडतो.

प्रतिबंधक लस अत्यंत परिणामकारक आहे. परंतु राष्ट्रीय लसीकरणात ती २००२ च्या सुमारास मोजक्या भागांत आली आणि देशभर पोहोचली ती २०११ मध्ये, त्यामुळे आज पदवी घेणाऱ्या अनेकांच्या बालपणी ती सर्वत्र उपलब्ध नव्हती. ‘लहानपणी सगळ्या लसी झाल्या’ या घरच्या आश्वासनावर विसंबणे म्हणूनच योग्य नाही. प्रौढांना पहिल्या मात्रेनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यात तिसरी मात्रा दिली जाते. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या गडबडीत ही तिसरी हमखास राहते. ती उशिरा घेतली तरी चालते, सारे पहिल्यापासून करावे लागत नाही. वैद्यकीय व परिचर्या शाखांतील विद्यार्थ्यांनी शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांत प्रतिपिंडांची चाचणीही करून घ्यावी, आणि वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवताना ती बोटात रुतलीच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन शक्यतो २४ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे.

प्रवेशाच्या वेळी दाखले मागणाऱ्या महाविद्यालयांनी लसीकरणाचीही विचारपूस करावी. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली निवडक सरकारी रुग्णालयांत हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधोपचार मोफत मिळतात.