तंजावरच्या नर्तकी, बडोद्याचा दरबार
1880 साली बडोद्याच्या तरुण सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं. सासरी तिचं नाव चिमणाबाई ठेवलं. तिच्याबरोबर आंदण म्हणून नर्तकींचा ताफाही बडोद्याला आला. आंदणात माणसं द्यायची, हे आज वाचताना टोचतं आणि टोचायलाच हवं. पण ज्या कलेला आपण आज भरतनाट्यम म्हणतो, ती या बायकांच्या अंगाअंगात मुरलेली होती.

तंजावरला त्याआधी भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (1798 ते 1832) कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तरी दरबारातली कला बहरतच होती. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा नृत्यप्रयोगाचा क्रम तिथंच बसवला. खुद्द सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं लिहिली. एकच कथा धरून शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे बंध गुंफत शेवटी मंगल. म्हणजे तमिळ मुलखातल्या नर्तकी आपल्या मराठीतल्या रचनांवर अभिनय करत होत्या! आपल्या शाळेच्या इतिहासात याचा साधा उल्लेखही नसावा, याची मला फार खंत वाटते.

या नाचात दरबार स्पष्ट दिसे. राजाची स्तुती करणाऱ्या ‘शब्दा’च्या अखेरीस नर्तकी हात कपाळाकडे नेऊन सलाम करी. पुढं राजे गेले, तेव्हा कितीतरी रचनांतली राजाची नावं काढून तिथं देवांची नावं घातली गेली.

1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी तंजावर खालसा केलं. दरबार गेला तसा कलावंतांचा आधारही गेला. कुणी मद्रास गाठलं, कुणी दुसरी संस्थानं. बडोद्यात कलावंतांसाठी दरबारचं स्वतंत्र खातं होतं, पगार बांधलेला होता. तंजावरहून आलेल्यांपैकी गौरा आणि कांतिमती या दोघींचं नाव तिथं गाजलं. भरजरी साडी नेसलेली नर्तकी, मागं उभा राहून बोल म्हणणारा नट्टुवनार, शेजारी मृदंग. पतंग उडवण्याचा अभिनय असलेलं त्यांचं नृत्य तर बडोद्याची खासियतच ठरलं. दोरीला ढील द्यायची, ताणायची, काटाकाटी करायची, आणि हातात प्रत्यक्षात काहीच नाही.

इकडं मद्रासेत 1892 पासून नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. मुलींना देवाला वाहण्याच्या प्रथेत शोषण होतं, त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींसारख्या देवदासीच्याच पोटी जन्मलेल्या बाईही होत्या. त्यांचा कळवळा खराच होता. पण प्रथेबरोबर या बायकांचा पेशाही बदनाम झाला, हा अन्यायच. 1930 च्या दशकात तोच नाच प्रतिष्ठित घरांतल्या मुली शिकू लागल्या, त्याला ‘पुनरुज्जीवन’ म्हटलं गेलं. ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांच्यावर मात्र 1947 च्या मद्रास कायद्यानं मंदिरात नाचायलाही बंदी आली.

पापम्माळ या तंजावरच्या दरबारी नर्तकीच्या वंशातल्या बालसरस्वती त्याही काळात नाचत राहिल्या. पदातला शृंगार पुसून टाका, हे त्यांनी कधीच मानलं नाही. 1977 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

बडोद्यात 1939 साली सयाजीराव गेले आणि दरबारी नृत्याचे दिवस सरले. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढं तिथल्याच विद्यापीठात भरतनाट्यम शिकवू लागले.