कपाटातला जुना कॅमेरा आणि आपल्या मालाचा फोटो

सरसची तारीख कळली की गटागटांत एकच धावपळ सुरू होते. गणपतीपुळ्याला स्टॉल लावायचा, बॅनर छापायचा, बरण्यांची लेबलं करायची, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर मालाची यादी पाठवायची. आणि तेव्हा लक्षात येतं की मालाचा एक धड फोटो आपल्याकडे नाही. जो आहे तो रात्री बल्बखाली काढलेला. आमसुलं तपकिरी दिसतायत, फणसपोळीच्या पाकिटावर फ्लॅशचा पांढरा डाग पडलाय. फोटोतून चव कळत नाही, गिऱ्हाईक रंगच बघतं. आमसूल तपकिरी दिसलं की पहिला प्रश्न येतो, "गेल्या वर्षीचा माल आहे का हो?" माल ताजा असतो, पण उत्तर देईपर्यंत ते दुसऱ्या स्टॉलकडे वळलेलं असतं.

बऱ्याच ग्रामसंघांत, नाहीतर गटातल्या एखादीच्या घरी, दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा पडून आहे. कॅननचा पॉवरशॉट, निकॉनचा कूलपिक्स, सोनीचा सायबरशॉट, असलाच कुठला तरी. मोबाइल आले आणि तो कपाटात गेला. ताईंनो, तो बाहेर काढा. मालाचे फोटो काढायला तो अजून चांगला चालतो. त्याचा झूम खरा असतो, भिंग पुढे-मागे होऊन वस्तू जवळ येते. खाली तिपाईचा स्क्रू बसतो. आणि काही मोबाइल आपल्या मनाने रंग भडक करतात, तसा हा फारसा करत नाही. त्याच्या अटी दोनच. उजेड भरपूर द्यायचा आणि त्याला हलू द्यायचं नाही.

असं का, ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे सेन्सर नावाची चकती असते, तिच्यावर उजेड पडून चित्र उमटतं. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत हा सेन्सर बहुतेक सीसीडी जातीचा असतो. (सीसीडीचा शोध अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली लागला. तो लावणाऱ्या विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना २००९ साली नोबेल मिळालं. म्हणजे कपाटातली वस्तू अगदीच टाकाऊ नाही!) पण ही चकती फार लहान असते, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच. पूर्वीच्या रिळाच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. म्हणजे क्षेत्रफळात आपली चकती तिच्या तिसाव्या हिश्शाएवढीच. लहान भांड्यात पावसाचं पाणी कमीच जमणार, तसा या चकतीवर उजेड कमी जमतो.

उजेड कमी पडला की कॅमेरा काय करतो? आयएसओ वाढवतो. लांबचं स्टेशन नीट लागत नसताना रेडिओचा आवाज मोठा केला तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते ना, तसंच हे. आयएसओ ४०० किंवा ८०० वर गेला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागतात. ते दाणे पुसायला कॅमेरा मग चित्र गुळगुळीत करतो आणि त्यात आंबापोळीचा पोत, काजूगराच्या रेषा सगळं पुसलं जातं. म्हणून आयएसओ कॅमेऱ्यावर सोडायचा नाही. मेनूत जाऊन ८० किंवा १०० वर बांधून टाकायचा. हिरव्या ऑटोमध्ये हे करता येत नाही, 'पी' अक्षराच्या किंवा मॅन्युअल नावाच्या मोडमध्ये करता येतं.

मेनूत गेलातच आहात तर आणखी चार गोष्टी करून टाका, परत परत करायला लागत नाहीत. फोटोचा आकार सगळ्यात मोठा आणि दर्जा 'फाइन' ठेवा. डिजिटल झूम बंद करा, तो चित्र नुसतं ताणतो, जवळ काहीच आणत नाही. फ्लॅश बंद. आणि फोटोवर तारीख छापायची सोय बंद करा. लेबलच्या कोपऱ्यात केशरी आकड्यात चुकीचं साल छापून आलं की माल कितीही ताजा असो, शंका येतेच.

आता उजेडाचं. यात आपण कोकणातल्या बायका नशीबवान आहोत, कारण आपल्या घराला पडवी असते. शहरातले फोटोवाले पांढऱ्या छत्र्या लावून जो मऊ उजेड तयार करतात, तो पडवीत सकाळी नऊ ते अकरा फुकट मिळतो. ऊन थेट मालावर नको, पण अंगणातला उजेड आत यायला हवा. भर उन्हात ठेवलं तर या लहान सेन्सरला दोन टोकं एकदम झेपत नाहीत. सांडगे नुसते पांढरे डाग होतात आणि शेजारची आमसुलं नुसता काळा गोळा.

पण पडवीतही एक फसवणूक आहे. आपल्या भिंती जांभ्याच्या, अंगण तांबड्या मातीचं. त्यावरून परतून येणारा उजेड लालसर होतो आणि मालावर चढतो. आपल्या डोळ्याला सवय असते म्हणून कळत नाही, फोटोत मात्र नाचणीचे पापड गुलाबी दिसतात. मालाच्या खाली आणि दोन्ही बाजूंना पांढरा कागद किंवा धुतलेली पांढरी चादर लावा. सरसच्या मांडवात हाच प्रकार रंगीत कापडामुळे होतो. निळ्या ताडपत्रीखाली काढलेला फोटो निळा येणारच.

यावर कॅमेऱ्यातच उपाय आहे, व्हाइट बॅलन्स. मेनूत ऊन, ढग, बल्ब, ट्यूब अशी चित्रं दिसतात. त्यांच्या शेवटी बऱ्याच मॉडेलांत 'कस्टम' किंवा 'प्रीसेट' असतं. ते निवडायचं, जिथे माल ठेवणार तिथे कोरा पांढरा कागद धरायचा, कॅमेऱ्यात कागदच कागद दिसेल असं धरून बटण दाबायचं. "या जागी पांढरं म्हणजे हे," असं कॅमेऱ्याला सांगितलं गेलं. मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. जागा बदलली, ढग आले, बल्ब लावला, की पुन्हा कागद दाखवायचा. एका वेळी उजेड एकाच जातीचा ठेवा. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले तर कुठलाच कागद मदत करत नाही.

आमसुलांसाठी एवढं सगळं करायचं का? करायचं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला २०१८ साली. लोक हे नाव ऐकून माल मागतात. अशा मालाचा रंग फोटोत जसा आहे तसा आला पाहिजे. कमी नको आणि जास्तही नको. मोबाइलवर रंग ओढून आमसुलं लालभडक केली आणि पार्सल उघडल्यावर ती काळपट जांभळी निघाली, तर गिऱ्हाईक आपल्याला खोटं ठरवणार. पुढची ऑर्डर तिथेच गेली.

काळा आणि पांढरा माल कॅमेऱ्याला आणखी एका कारणाने चकवतो. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून उजेड मोजतो. पांढऱ्या चादरीवर तांदळाचे पापड ठेवले तर त्याला वाटतं उजेड फारच झाला, आणि तो फोटो मळकट करतो. काळ्या पाटावर आमसुलं ठेवली तर उलटं, त्याला अंधार वाटतो आणि तो आमसुलं फिकी करतो. यासाठी अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं. पांढऱ्या मालाला अधिक ०.७ किंवा अधिक १, काळ्याला उणे ०.७. आधी दोन-तीन फोटो काढून बघा. रीळ थोडंच संपतंय!

हलण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. आयएसओ कमी ठेवला की कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो, पडवीत कधी पाव सेकंदसुद्धा. तेवढ्यात हात हलतोच, कितीही घट्ट धरा. पडद्यावर हाताचं थरथरतं चिन्ह आलं तर समजावं. तिपाई नसली तरी अडत नाही. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ किंवा कुळीथ भरा, तोंड शिवा, स्टुलावर ठेवा आणि त्यात कॅमेरा दाबून बसवा. पाहिजे त्या कोनात बसतो. मग दोन सेकंदांचा टायमर लावून बटण दाबायचं आणि हात काढून घ्यायचा, म्हणजे बोट दाबल्याचा धक्कासुद्धा लागत नाही. बटण आधी अर्धं दाबायचं, हिरवी चौकट आली की पुरतं. ही सवय नसल्यामुळे जेवढे फोटो अस्पष्ट येतात, तेवढे दुसऱ्या कशानेच येत नसतील.

पाकीट किंवा बरणी असेल तर अगदी जवळ जाऊ नका. जवळून भिंग वस्तू फुगवतं, बरणी पोटाळलेली दिसते आणि लेबलच्या ओळी वाकतात. चार-पाच फूट मागे या आणि खरा झूम वापरा. लेबलवरचा अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक आणि वजन फोटोत वाचता आलं पाहिजे. याउलट सुटा माल दाखवायचा असेल, काजूगराचा तुकडा, सांडग्याचा पोत, तर फुलाचं चिन्ह दाबा, झूम पूर्ण मागे घ्या आणि मग जवळ जा. कॅमेऱ्याची सावली मालावर पडत नाही ना, तेवढं बघा. चकचकीत पाकिटावर उजेड चमकत असेल तर पाकीट किंचित तिरकं करा, चमक बाजूला जाते.

कोकम सरबताचा फोटो सगळ्यात अवघड म्हणतात, पण तो सगळ्यात सुंदरही येतो. समोरून उजेड दिला की ग्लासातलं सरबत काळपट दिसतं. ग्लास खिडकीसमोर ठेवा, ग्लासामागे साधा पांढरा कागद उभा करा आणि उजेड मागून येऊ द्या. तो लाल रंग जो काही उजळून निघतो! आगळ फार दाट असतं, बाटलीतून उजेड आरपार जात नाही. म्हणून बाटलीशेजारी सरबताचा ग्लास ठेवलेला बरा.

सभेचे फोटो अहवालाला लागतात, त्याबद्दल दोनच शब्द. दाराकडे पाठ करून बसलेल्या बायकांचे चेहरे काळे येतात, त्यांना दाराकडे तोंड करून बसवा. आणि सभागृहात फ्लॅशच्या भरवशावर राहू नका, या कॅमेऱ्यांचा फ्लॅश दहा-बारा फुटांपलीकडे पोचत नाही, मागची रांग अंधारात जाते. देवळासमोर गटाचा फोटो हवा असेल तर आपलं पुळ्याचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी पुढची बाजू सावलीत आणि मागचं आभाळ लखलखीत असतं. दुपारी चारनंतर उजेड समोरून येतो, तेव्हा उभ्या राहा.

किनाऱ्यावर मात्र कॅमेरा जपून न्या. भिंगाच्या नळीत वाळूचा एक कण गेला तरी ती अडकते. बॅटरीचं आणि कार्डाचं झाकण पुळणीवर उघडू नका. खारी हवा भिंगावर बसते आणि मग सगळेच फोटो धुक्यातले दिसतात. पदराने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकून कण उडवा, मग जुन्या धुतलेल्या मऊ सुती कापडाचा कोपरा किंचित ओला करून हलक्या हाताने फिरवा आणि कोरड्या कोपऱ्याने टिपा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नाहीतर भिंगाला बुरशी धरते आणि ती घरी निघत नाही.

कपाटातून काढल्यावर आधी बॅटरी बघा. फुगलेली असेल तर वापरू नका, चार्जही करू नका. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर दुकानातले साधे सेल त्याला काही मिनिटंच पुरतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्या. कार्डाचीही एक गंमत आहे. फार जुन्या कॅमेऱ्यांना २ जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड चालतं. त्यानंतरच्या एसडीएचसी लिहिलेल्यांना ३२ जीबीपर्यंत चालतं. आज दुकानात मिळणारं ६४ जीबीचं कार्ड घातलं तर बहुतेक कॅमेरे ते ओळखतच नाहीत. २०१० च्या आधीच्या सायबरशॉटला तर सोनीची मेमरी स्टिकच लागते, तेव्हा जुनं कार्ड टाकून देऊ नका.

मेगापिक्सेलची काळजी नको. ४ बाय ६ इंचाच्या स्वच्छ छपाईला २ मेगापिक्सेल पुरतात. १० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ८ बाय १२ इंचापर्यंत सहज छापतो. स्टॉलचा बॅनर लांबून बघायचा असतो, त्यालाही चालतो. फक्त मूळ फाइल द्या. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि छापखान्यात गेल्यावर फुटतो. कार्ड रीडर ओटीजी वायरने मोबाइलला जोडा, फोटो उतरवून घ्या आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आणि हे सगळं सरसच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. रातांबे झाडावर लालजांभळे दिसतात ते एप्रिल-मेमध्ये. फोडलेले रातांबे, उन्हात वाळत घातलेली साल, अंगणातली आंबापोळीची ताटं, हे सगळं तेवढ्याच दिवसांत असतं. जूनमध्ये पाऊस आला की पुढच्या वर्षापर्यंत वाट बघावी लागते. बॅटरी मार्चमध्येच चार्ज करून बघा.