म्हातारीची भूमिका





स्नेहसंमेलनाच्या नाटकातील भूमिका वाटून झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी नववीतील एका मुलीची आई मला भेटायला आली. "बाई, आजीची भूमिका माझ्याच मुलीला का? ती सावळी आहे म्हणून?" असे तिने सरळ विचारले. मला लगेच उत्तर देता आले नाही. ती गेल्यावर मी कपाटातून मागील संमेलनांचे फोटो काढून पाहिले. राजकन्या बहुतेक गोऱ्या, आणि दासी व म्हाताऱ्या बहुतेक सावळ्या. त्या फोटोंसमोर बसले असताना मला एका फ्रेंच अभिनेत्रीची आठवण झाली. तिचे नाव सिमोन सिन्योरे.

सिमोनचा जन्म २५ मार्च १९२१ रोजी जर्मनीतील वीसबाडेन येथे झाला. वडील ज्यू, आडनाव कामिंकर. लहानपण पॅरिसजवळ गेले. १९४० मध्ये हिटलरच्या फौजांनी फ्रान्स जिंकले आणि वडील लंडनला जनरल द गॉल यांच्याकडे निघून गेले. आई आणि दोन धाकटे भाऊ यांचा भार एकोणीस वर्षांच्या सिमोनवर पडला. तिने टायपिस्टची नोकरी धरली, पण ते वृत्तपत्र होते जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या संपादकाचे. त्या संपादकाला युद्धानंतर, १९४६ मध्ये, देहदंड झाला. सिमोनने ही नोकरी पुढे लपवली नाही. आपल्या आत्मकथनात तिने ती मोकळेपणाने सांगितली. प्रसिद्धी मिळाल्यावर जुनी अडचणीची गोष्ट आपणहून सांगायला धैर्य लागते.

ती नोकरी सोडून ती चित्रपटाकडे वळली. वडील ज्यू असल्यामुळे उघडपणे काम मिळणे कठीण होते, म्हणून तिने आईचे माहेरचे आडनाव 'सिन्योरे' लावले आणि गर्दीतल्या बारीकसारीक भूमिका केल्या. युद्ध संपल्यावर दिवस पालटले. १९५२ च्या 'कास्क दॉर' या चित्रपटाने ती फ्रान्सबाहेरही गाजली. सोनेरी केसांची, रूपवान अशी ही नायिका होती. १९५५ च्या 'ले दियाबोलिक' या रहस्यपटाने तर प्रेक्षकांचा थरकाप उडवला. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय गायिकेने रंगमंचासाठी नवे नाव घेतले, त्यातील 'सिमोन' हे हिच्यावरूनच. ती गायिका म्हणजे नीना सिमोन.

१९५१ मध्ये सिमोनने गायक-अभिनेते ईव्ह मोंतां यांच्याशी विवाह केला. दोघेही डाव्या विचारांचे होते, पण आंधळे भक्त नव्हते. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॉस्कोला गेलेल्या या दांपत्याने ख्रुश्चेव्ह यांना जेवणाच्या टेबलावर त्याबद्दल जाब विचारला. 'रूम ॲट द टॉप' या ब्रिटिश चित्रपटात तिने इंग्रजीतून काम केले आणि १९६० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. परभाषेत बोलून हे यश मिळवणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण मला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या, शरीर सुटले. वय लपवून नायिका राहण्याचा खटाटोप तिने केला नाही. तिने वयाच्या भूमिका घेतल्या. १९६९ मध्ये झां-पिएर मेलव्हिल यांच्या चित्रपटात तिने भूमिगत चळवळीतील मातिल्द उभी केली. १९७१ च्या 'ल शा' मध्ये ती झां गाबेंबरोबर एका अबोल झालेल्या वृद्ध जोडप्यातील पत्नी झाली आणि बर्लिन महोत्सवात तिला अभिनयाचे पारितोषिक मिळाले. १९७७ मध्ये आला 'मादाम रोझा'. त्यातील रोझा ही छळछावणीतून वाचलेली, थकलेली ज्यू म्हातारी आहे. ती परक्यांची मुले सांभाळते आणि शेवटी मोमो नावाचा एक मुसलमान मुलगा तिला सांभाळतो. सिमोन तेव्हा छप्पन वर्षांची होती, पण पडद्यावर कितीतरी म्हातारी दिसली. या भूमिकेसाठी तिला फ्रान्सचे सेझार पारितोषिक मिळाले, आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हा चित्रपट पाहताना खालची इंग्रजी अक्षरे वाचता वाचता माझी दमछाक झाली. अर्ध्यावर मी वाचणे सोडून दिले आणि फक्त तिचा चेहरा पाहत राहिले. तरी काही अडले नाही. जिन्याच्या पायऱ्या चढताना रोझाला लागलेली धाप कोणत्याही भाषेत कळते.

अखेरच्या वर्षांत तिची दृष्टी अधू झाली. तरी १९८५ मध्ये तिची कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला तिचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत तिची समाधी आहे. १९९१ मध्ये मोंतां यांनाही तिथेच तिच्याजवळ ठेवले गेले.

आता पुन्हा त्या आईच्या प्रश्नाकडे. म्हातारीची भूमिका ही शिक्षा नाही, हे सिमोनने दाखवून दिले. मात्र तिने ती स्वतः निवडली होती. आम्ही मात्र मुलींचे रंग पाहून भूमिका वाटत आलो. त्या आईचे म्हणणे खरे होते, आणि ही चूक आम्हा शिक्षकांची, पर्यायाने माझी आहे.

म्हणून यंदाचे वाटप मी रद्द केले आहे. येत्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर सर्व मुलींनी सर्व भूमिकांचे उतारे वाचून दाखवावेत. जिचे वाचन उत्तम, तिला ती भूमिका. विश्वस्त मंडळींना विनंती, की अभिनयाचे पारितोषिक केवळ मुख्य भूमिकेला न देता सर्वांत चांगल्या कामाला द्यावे, मग ते पाच मिनिटांचे का असेना.

त्या मुलीला मी बोलावून विचारले, "तू कुठला उतारा वाचणार?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, राजकन्येचा. आणि आजीचा पण."