मनातले दाखवणारी खोली

रे ब्रॅडबरी हे अमेरिकेतले लेखक होऊन गेले. १९५० सालची त्यांची एक विज्ञानकथा गुरुजींनी आम्हाला सांगितली. त्यातले घर सगळी कामे आपोआप करते. स्वयंपाक तर करतेच, पण बुटाच्या नाड्यासुद्धा बांधते!

पीटर आणि वेंडी या बहीणभावांना खेळायला तिथे एक खोली असते. ती जादूची नाही, यंत्राची आहे. मुले जे मनात आणतील ते भिंतींवर आणि छतावर दिसते. नुसते चित्र नाही बरं का! आफ्रिकेचे माळरान मनात आले की ऊन लागते, गवताचा वास येतो, सिंहाची डरकाळी ऐकू येते.

होता होता मुलांना आईवडलांपेक्षा ती खोलीच जवळची वाटू लागते. वडील ती बंद करायला निघतात. मग मुले चिडतात आणि आईवडलांनाच आत कोंडतात. आणि ते सिंह खरेच निघतात!

मला वाटते, ते सिंह मुलांच्या रागातून आले. खोलीला राग दाखवता येतो, पण समजूत काढता येत नाही. ती आईच काढू शकते. पण त्या घरात आईला कामच उरले नव्हते.