तो प्लेगच होता काय ?

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे दुखण्याचें नांव काय, हा प्रश्न आपण औषधाच्याहि आधीं विचारतों. नांव कळलें कीं जीव थोडा ठिकाणावर येतो. मग तें नांव कितीहि वाईट असो. परंतु साथीला नांवच नसलें, किंवा जें नांव दिलें त्यावर चार शहाण्यांचा विश्वास बसत नसला, म्हणजे लोकांच्या मनाची काय अवस्था होते, हें आमच्या पिढीनें १९९४ सालच्या भाद्रपद-आश्विनांत पाहिलें. पुढें २०२० सालीं साऱ्या जगानें तोच अनुभव घेतला, आणि त्या मोठ्या संकटापुढें हें लहान संकट लोक विसरून गेले. म्हणून तें येथें पुन्हां सांगावेंसें वाटतें.

आमचें मूळ घर कुंभार पिंपळगांवचें. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जें जांब, तें आमच्या शेजारचेंच. दक्षिणेस गोदावरी, ती ओलांडली कीं बीड जिल्हा लागतो. त्यामुळें बीडकडे कांहीं घडलें तर त्याची वार्ता आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधीं बाजारांतून येते. १९९४ च्या पावसाळ्यांत अशीच वार्ता आली कीं, बीड जिल्ह्यांत मामला नांवाचें एक लहानसें गांव आहे, तेथें घराघरांतून उंदीर मरून पडत आहेत आणि पिसवांनीं माणसांस नकोसें करून सोडलें आहे.

आमची आजी तेव्हां देवापुढें वाती वळीत बसली होती. तिनें हात थांबविला आणि विचारलें, "उंदीर पडले म्हणतां ? मग गांव सोडलें कीं नाहीं लोकांनीं ?" तिचें बालपण निजामाच्या अमलांत गेलें होतें. उंदीर पडला कीं घरदार सोडून रानांत झोपड्या घालून राहावयाचें, हा तिच्या माहेरचा शिरस्ता. काका शाळेंत शास्त्र शिकवीत. ते हंसून म्हणाले, "आई, प्लेग आतां पुस्तकांत राहिला." काकांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. १९६६ नंतर आपल्या देशांत प्लेगचा खात्रीचा असा एकहि रोगी नोंदला गेला नव्हता.

मामल्याची हकीकत मात्र आजीच्या बाजूची निघाली. ऑगस्टच्या आरंभीं तेथें उंदीर पडले, आणि २६ ऑगस्टला कांखेंत-जांघेंत गांठ येऊन ताप भरलेला पहिला संशयित रोगी नोंदला गेला. आदल्या वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति बोळवून लोक निजले असतां पहांटे किल्लारीचा भूकंप झाला होता. त्या धक्क्यानंतर मराठवाड्यांतील कित्येक लोक भयानें घराबाहेर निजूं लागले. धान्याचीं पोतीं मात्र घरांतच राहिलीं. आयतें धान्य आणि ओस घर, मग उंदरांस आणखी काय पाहिजे ? रानांतल्या उंदरांचा रोग घरांतल्या उंदरांस लागला आणि त्यांच्या अंगावरील पिसवांनीं तो माणसांस दिला, असा तर्क तज्ज्ञांनीं केला. घरोघर औषधाची पूड फवारली गेली, गोळ्या वांटल्या गेल्या. हें सारें शांतपणें चाललें असतां एकाएकीं सुरतेची बातमी आली आणि मामल्याचें नांव मागें पडलें.

त्या पावसाळ्यांत तापीला पूर येऊन सुरतेचे खालचे भाग पाण्याखालीं गेले होते. पूर ओसरला तरी चिखल, कचरा आणि मेलेलीं जनावरें जागच्या जागीं राहिलीं. तशांत गणेशविसर्जनाची गर्दी झाली. त्यानंतर दोनतीन दिवसांत, म्हणजे २० सप्टेंबरच्या सुमारास, वेड रोडकडील दाट वस्तींतून चांगलीं धडधाकट तरुण माणसें ताप, छातींत कळ आणि रक्तमिश्रित थुंकी घेऊन तेथील नव्या सिव्हिल हॉस्पिटलांत येऊं लागलीं व एकदोन दिवसांत दगावूं लागलीं. हा कसला न्युमोनिया ? म्हातारीं माणसें सोडून तरण्याताठ्यांसच कसा गांठतो ? डॉक्टरांनीं प्लेगचा संशय बोलून दाखविला, आणि तो शब्द एका रात्रींत शहरभर झाला.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. प्लेगचा जंतु एकच, पण त्याचीं रूपें वेगवेगळीं. पिसू चावून जंतु शरीरांत शिरला तर जवळची गांठ सुजते. आपल्या जुन्या लोकांचा "गांठीचा ताप" तो हाच. तोच जंतु रक्तांतून फुप्फुसांत पोंचला कीं न्युमोनिया होतो, आणि मग पिसवेची गरज उरत नाहीं. रोग्याच्या खोकल्यांतून उडणारे तुषारच जवळच्या माणसास पुरतात. हा दुसरा प्रकार एक ते चार दिवसांत प्रगट होतो, आणि पहिल्या चोवीस तासांत औषध न पोंचलें तर रोगी क्वचितच वांचतो. मात्र स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन अशीं औषधें वेळेवर मिळालीं तर तो बरा होतो. हा शेवटचा भाग तेव्हां फार थोड्यांनीं ऐकून घेतला.

सुरत रिकामी होऊं लागली. चारपांच दिवसांत तीन लाखांपासून पांच लाखांपर्यंत माणसें शहर सोडून गेलीं असा अंदाज पुढें करण्यांत आला. कित्येक खासगी दवाखान्यांस कुलपें लागलीं. सिव्हिल हॉस्पिटलांतील डॉक्टर व परिचारिका मात्र जागेवर राहिल्या, हें त्यांच्या लौकिकास शोभेसें झालें. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहींसें झालें. पाण्यांत विष कालविलें आहे, परक्या राष्ट्रानें जंतु सोडून पाहिले आहेत, मृतांचा खरा आंकडा सरकार दडवीत आहे, अशा गोष्टी माणसांबरोबरच आगगाडींत बसल्या. सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत आपले खानदेशी लोक फार. त्यामुळें तापी खोऱ्याच्या गाड्या नंदुरबार, अमळनेर, जळगांवपर्यंत माणसें व वदंता दोन्ही उतरवीत आल्या.

त्यांतलें एक बिऱ्हाड आमच्या दारीं आलें. आमच्या आत्याबाईंचा मुलगा तेथें एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस होता. तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी, असे तिघे रात्रीं दहाच्या सुमारास वाड्यापुढें उभे राहिले. वाड्यांत आम्ही लहानमोठीं मिळून एकोणीस माणसें. काका पुढें होऊन "या, आंत या" म्हणणार, तोंच आजीनें दारांतून हात आडवा केला. "मळ्यांतल्या खोपींत राहा. आठ दिवस. जेवण तेथें येईल." सख्ख्या लेकीचा मुलगा, मांडीवर खेळविलेली पणती, आणि आजीच्या तोंडून हे शब्द ! आत्याबाई रडूं लागल्या. काका चिडून म्हणाले, "हा सगळा वर्तमानपत्रांचा कांगावा आहे, सुरतेंत प्लेग आहे कीं नाहीं हेंच अजून ठरलें नाहीं." आजी म्हणाली, "तें ठरेल तेव्हां ठरो. आठ दिवसांनीं हीं पोरें कांहीं शिळीं होत नाहींत."

मी तेव्हां कॉलेजांत होतों आणि सुटीस घरीं आलों होतों. जेवण पोंचविण्याचें काम मजकडे आलें. मी डबा बांधावर ठेवी आणि तोंडाला रुमाल लावून वीस पावलें मागें सरे. ती पोर "काका, इकडे या ना" म्हणून हांका मारी. मी तिला एकदांहि उत्तर दिलें नाहीं. बोललों तर तोंड उघडावें लागेल, एवढीच माझी त्या वेळची शास्त्रबुद्धि ! याची लाज मला अजून वाटते. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिच्या अंगांत ताप भरला व ती खोंकूं लागली. हें मी घरीं येऊन सांगितलें मात्र, आजी उठली, घोंगडी घेतली आणि मळ्याकडे निघाली. कोणी अडवूं लागलें तेव्हां म्हणाली, "घर राखावयाचें तें राखलें. आतां पोर राखतें." ती त्या रात्रीं खोपींत राहिली व उरलेले दिवसहि तेथेंच राहिली. डॉक्टर सकाळीं आले. त्यांनीं मुलीस तपासलें, साधें पडसें आहे असें सांगितलें, मोठ्यांस प्रतिबंधक गोळ्या दिल्या आणि वर असेंहि म्हणाले कीं, संपर्कांतील माणसावर सात दिवस लक्ष ठेवा असें आमचें शास्त्रहि सांगतें. आजींनीं एक दिवस वाढवून धरला इतकेंच. नवव्या दिवशीं सारीं वाड्यांत आलीं.

दसऱ्यापर्यंत साथ ओसरली, आणि मग शंकेखोरांस ऊत आला. पण ही शंका निवळ ओट्यावरची नव्हती. चांगले विद्वान् डॉक्टरहि ती घेत होते, आणि त्यांचे प्रश्न आजहि वाचण्यासारखे आहेत. सुरतेंत उंदीर कोठें पडले ? फुप्फुसाचा प्लेग इतका सांसर्गिक, तर एकेका घरांत एकाहून अधिक माणसें फारशीं कां पडलीं नाहींत ? शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका कशा वांचल्या ? सूक्ष्मदर्शकाखालीं टांचणीच्या आकाराचा जंतु दिसला म्हणतात, पण तसे दिसणारे दुसरेहि जंतु आहेत. तो प्रयोगशाळेंत वाढवून कां दाखविला नाहीं? पुराच्या पाण्यांतून होणारा लेप्टोस्पायरोसिस, चिखलांतील जंतूंचा मेलियॉइडोसिस, आणि अमेरिकेंत १९९३ सालींच उंदरांपासून तरुण माणसांस होऊन फुप्फुसें भरून टाकणारा हंटा विषाणूचा ताप, यांपैकीं कांहीं असेल अशीं अनुमानें निघालीं. काका हीं कात्रणें कापून वहींत चिकटवीत आणि विजयानें आजीस वाचून दाखवीत.

यांतील बऱ्याच प्रश्नांस उत्तरें होतीं. पळापळींत लाखो लोकांनीं टेट्रासायक्लिन गिळलें होतें. औषध पोटांत गेल्यावर थुंकींतला जंतु प्रयोगशाळेंत सहसा वाढत नाहीं, आणि साथहि पसरत नाहीं. फुप्फुसाचा प्लेग फार जवळच्या सहवासानेंच लागतो. तो वाऱ्यावर गांवभर हिंडत नाहीं. परंतु पहिल्या चारदोन दिवसांत नमुने नीट घेऊन जंतु वाढविण्याची दक्षता पुरेशी राखली गेली नाहीं, हा आक्षेप खराच होता, आणि त्याची किंमत देशानें भरली. परदेशांनीं आपलीं विमानें अडविलीं, माल नाकारला. ज्यास आपल्या रोगाचें नांव ठामपणें सांगतां येत नाहीं, त्याच्याविषयीं जग वाईटांत वाईट तेंच धरून चालतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबांत ऑक्टोबरपर्यंत देशभर ८७६ रोगी व ५४ मृत्यु धरले गेले. मृत बहुतेक सुरतेचे होते. मोठी गंमत अशी कीं, यर्सिननें हाँगकाँगमध्यें हा जंतु शोधून काढला तो १८९४ सालीं. म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षीं आपण तो ओळखूं येत नाहीं म्हणून वाद घालीत होतों.

डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें हा प्लेगच असा निर्णय दिला, तरी वाद मिटला नाहीं. तो मिटावयास २००० साल उजाडावें लागलें. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं सुरतेचे रोगी व त्या साथींतील उंदीर यांच्यापासून मिळविलेल्या जंतूंचें आनुवंशिक द्रव्य तपासून तो यर्सिनिया पेस्टिसच, म्हणजे प्लेगचाच जंतु, असें प्रसिद्ध केलें. या निर्णयास सहा वर्षें लागलीं. याच्या उलट, वुहानच्या अज्ञात न्युमोनियाची वार्ता ३१ डिसेंबर २०१९ ला जगास कळली आणि दोन आठवड्यांच्या आंत त्या विषाणूची जनुकीय संहिता जाहीर झाली. पण एवढ्या त्वरेनेंहि वदंता थांबल्या नाहींत.

आणि त्या थांबाव्यात तरी कशा ? १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, तेव्हां त्यांचेंहि म्हणणें एकदम पटलें नाहीं. हाफकिन यांस कलकत्त्याहून बोलवावें लागलें. इस्पितळांत नेऊन माणसें मारतात या समजुतीनें गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. पुढच्या सालीं पुण्यांत घरझडतीचा जो जुलूम झाला त्यानें त्या अविश्वासास खरेपण आणलें. अविश्वासाचें बीज बहुधा असें पूर्वीच्या कोणत्या तरी खऱ्या दुःखांत असतें. नुसतें अज्ञान म्हणून तें झटकून टाकणें मला बरोबर वाटत नाहीं.

२००२ च्या फेब्रुवारींत हिमाचलांत शिमल्याच्या बाजूस हाटकोटी गांवीं फुप्फुसाचा प्लेग पुन्हां आला. शिकारीस गेलेल्या एका माणसापासून तो नातलगांत पसरला. रोगी सोळा, मृत्यु चार. या वेळीं जंतु लौकर ओळखला गेला, सहवासांतील माणसांस औषध मिळालें, आणि गांवें ओस पडलीं नाहींत. देशांत कित्येकांस ती बातमी कळलीहि नसेल.

आमचा तो भाऊ दिवाळीनंतर सुरतेस परत गेला. १९९५ त एस्. आर्. राव हे तेथें महानगरपालिका आयुक्त म्हणून आले आणि शहर झाडून लख्ख झालें, याचें वर्णन तो दर सुटींत करी. हैदराबादचा निर्णय प्रसिद्ध झाला तेव्हां आजी हयात होती, पण तिला ऐकूं फार कमी येई. काकांनीं वहींतल्या शेवटच्या पानावर तें कात्रण चिकटविलें आणि तिच्या कानाशीं ओरडून सांगितलें, "आई, तो प्लेगच होता !"

"कोण ?" आजीनें विचारलें. मग तिला आठवलें असावें. "पोरगी आतां कितवींत आहे ?" ती म्हणाली.